वाड्यातला टेन्शनचा सीन कसा शूट करायचा: कॅमेरा आणि लाईटिंग, पायरीपायरीने

नाशिकमध्ये सध्या शॉर्ट फिल्म करणारी पोरंपोरी भरपूर आहेत, एकांकिका करता करता कॅमेऱ्याकडे वळलेली, आणि त्यांचं काम बघताना एक गोष्ट सारखी जाणवते, सीनमध्ये टेन्शन हवं म्हटलं की खोली अंधारी करायची, कॅमेरा हातात घेऊन हलवायचा आणि मागे धडधड म्युझिक टाकायचं. त्याने माणूस फार तर दचकतो. दचकणं एका सेकंदात संपतं हो, टेन्शन चार-पाच मिनिटं टिकवता येतं आणि ते टिकवायला कॅमेरा आणि लाईट दोघांना मिळून काम करावं लागतं.

मुळात टेन्शन येतं कधी? प्रेक्षकाला एखादी गोष्ट माहीत आहे, सीनमधल्या एखाद्याला ती माहीत नाही, आणि आता कळेल की मग कळेल ह्यात जीव टांगणीला लागलेला असतो. किंवा उलट, सीनमधल्या माणसाला काहीतरी दिसतंय आणि आपल्याला ते अजून दाखवलेलं नाही. दोन्हीकडे मुद्दा एकच, काय दाखवायचं आणि काय रोखून धरायचं. म्हणून लेन्स कुठली, लाईट किती वॉटचा हे प्रश्न नंतरचे, आधी काय लपवायचंय ते ठरवा.

आपण एकच सीन धरून सगळं बघू, म्हणजे हवेतल्या गप्पा नकोत. जुन्या नाशकातला एक वाडा, संध्याकाळची वेळ, माजघरात पुतणी एकटी. वाड्याचे मूळ कागद तिच्या हातात आहेत, दिंडी दरवाज्याची कडी वाजते आणि ती कागद घाईघाईने गादीखाली सरकवते. काका येतात, आणि बसतात नेमके त्याच गादीवर. "दिवा नाही लावलास अजून?" "लावतेच काका. चहा टाकू?" "नको गं. बस जरा." बस, एवढंच. कोणी ओरडत नाही, कोणाच्या हातात सुरी नाही, तरी हा सीन बघणाऱ्याला खुर्चीच्या कडेला आणू शकतो.

पायरी १: कोणाला काय माहीत आहे ते कागदावर लिहा

वहीचं पान घ्या, तीन उभे रकाने पाडा, प्रेक्षक, पुतणी, काका. सीनच्या प्रत्येक टप्प्याला कोणाला काय माहीत आहे ते लिहा. सुरुवातीला प्रेक्षकाला आणि पुतणीला माहीत, काकांना नाही. मध्यावर काकांना संशय आलाय, पण हे फक्त प्रेक्षकाला कळलंय, पुतणीला नाही, इथे टेन्शन दुप्पट होतं. शेवटी काकांना सगळं माहीत आहे आणि ते बोलत नाहीत. हे तीन टप्पे दिसले की शॉट आपोआप सुचायला लागतात, कारण टप्पा बदलतो तिथेच कॅमेरा बदलायचा, लाईट बदलायचा, मधे उगाच काही करायचं नाही. बहुतेक कच्च्या सीनमध्ये नेमकं हेच चुकतं, पहिल्या मिनिटालाच क्लोजअप, तिरका कॅमेरा, लाल लाईट सगळं वापरून झालेलं असतं आणि खऱ्या क्षणाला हातात काही उरलेलं नसतं.

पायरी २: जागा बघायला जा, पण सीनच्या वेळेलाच जा

संध्याकाळचा सीन असेल तर सकाळी अकरा वाजता रेकी करून काही कळत नाही. संध्याकाळी जा, माजघराच्या मधोमध उभे राहा आणि उजेड कुठून कुठून येतोय ते बघा. वाड्याच्या माजघराला बऱ्याचदा बाहेरची खिडकी नसतेच, उजेड येतो तो ओसरीच्या दारातून, चौकातून फिरून आलेला, आणि तेच आपलं भांडवल. वर कडीपाट काळसर लाकडाचा, खांब काळे, भिंतींचा रंग जुनाट, त्यामुळे लाईट मारला की तो इकडेतिकडे उसळत नाही, जिथे मारला तिथेच राहतो.

हाच सीन इंदिरानगरच्या किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये करणार असाल तर पांढऱ्या भिंती आणि पांढरं सिलिंग तुमचा सगळा अंधार खाऊन टाकतात, एक लाईट लावला तरी खोलीभर सपाट उजेड पसरतो आणि चेहऱ्याची सावलीची बाजू भरून निघते. तिथे उपाय एकच, काळं कापड. फ्रेमच्या बाहेर, चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला दोन-अडीच फुटांवर काळं कापड उभं धरायचं, म्हणजे भिंतीवरून उसळून येणारा उजेड तिथे थांबतो. कापड घेताना मेन रोडला दुकानदार अस्तराचं काळं कापड दाखवेल, स्वस्त पण असतं, पण ते चमकतं, घेऊ नका. मखमल किंवा जाड सुती काळं घ्या, उजेडात धरून बघा, जे राखाडी न दिसता काळंच दिसतं ते आपलं.

रेकीलाच विजेचं बघून घ्या. जुन्या वायरिंगवर जपून. दोन-तीनशे वॉटचे एलईडी एक-दोन लावले तर दोन-तीन अँपियरमध्ये काम होतं, जुने हॅलोजन नकोच, तापतात आणि वर लाकूड आहे. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि मगच स्टँडला हात लावा.

पायरी ३: सीनमधला उजेड कुठून येतोय ते ठरवा

प्रेक्षकाला जो उजेड पटतो तोच त्याला घाबरवू शकतो. म्हणजे फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या लगेच बाहेर त्या उजेडाचं कारण हवं. आपल्या सीनमध्ये कारणं दोन, ओसरीवरची ट्यूब, तिचा उजेड दारातून येतो, आणि माजघरातला एक पिवळा बल्ब, जो पुतणीने अजून लावलेला नाही. आता ह्या बल्बकडे नीट बघा, काका म्हणतात दिवा का लावला नाहीस, म्हणजे सीनमध्ये पुढे कोणीतरी उठून बल्ब लावणार, आणि तो लावला की खोली उजळणार आणि गादीखालून बाहेर आलेला कागदाचा कोपरा दिसणार. एरवी सीनमध्ये अंधाराची भीती असते, इथे उजेडाची भीती आहे. लाईटिंग गोष्टीत असं विणलं गेलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

प्रत्यक्षात ओसरीच्या ट्यूबवर अवलंबून राहायचं नाही. ओसरीत दाराबाहेर, जरा उंचावर तुमचा मोठा एलईडी ठेवा, समोर बटर पेपरची चौकट, आणि तो दारातून आत येऊ द्या. बटर पेपर लाकडी चिमट्यांनी लावा. लाईट दाराच्या जवळ आणला की दाराची सावली मोठी आणि पसरट पडते, लांब नेला की सावलीची कड धारदार होते. टेन्शनसाठी मला धारदार कड आवडते, जमिनीवर उजेडाचा एक चौकोन पडतो आणि त्यात कोणी पाय टाकला की लगेच कळतं.

पायरी ४: मुख्य लाईट कॅमेऱ्याच्या पलीकडून मारा

एवढी एक पायरी केली तरी तुमचा सीन नव्वद टक्के घरगुती व्हिडिओंपेक्षा वेगळा दिसेल. नवीन माणूस कॅमेऱ्याच्या बाजूने, कॅमेऱ्याच्या जवळून लाईट मारतो, चेहरा गोरागोमटा दिसतो आणि मागची सावली भिंतीवर लटकते. त्याऐवजी दोघं समोरासमोर बसलीत अशी कल्पना करा, त्यांच्या नजरांची एक रेषा आहे, कॅमेरा त्या रेषेच्या ह्या बाजूला, तर लाईट त्या बाजूला ठेवा. म्हणजे चेहऱ्याची लांबची बाजू उजळते आणि कॅमेऱ्याकडे येते ती सावलीची बाजू. नाकाची, गालाच्या हाडाची, डोळ्यांच्या खोबणीची सगळी वळणं दिसायला लागतात, आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याचा एक भाग आपल्याला वाचता येत नाही. काका काय विचार करतायत हे कळत नाही, आणि ते कळावं असं फार वाटत राहतं.

आता सावलीची बाजू किती काळी ठेवायची? इथे अंदाजपंचे करू नका, मोजा. उजेडाच्या बाजूचं आणि सावलीच्या बाजूचं प्रमाण असतं, २:१ म्हणजे एक स्टॉपचा फरक (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं), ४:१ म्हणजे दोन, ८:१ म्हणजे तीन, १६:१ म्हणजे चार. २:१ ला चेहरा गोड दिसतो, कौटुंबिक मालिकेतला. ८:१ ला सावलीत डिटेल अगदी जेमतेम राहतं. लाईट मीटर नसेल तर कॅमेऱ्याचं स्पॉट मीटरिंग वापरा, ते फ्रेमच्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजतं, एका गालावर मोजा, मग दुसऱ्या गालावर, फरक लिहून ठेवा.

आणि पूर्ण सीन एकाच प्रमाणावर करू नका. काका आत येतात, चहाचं विचारलं जातं, तिथे ४:१ पुरे, सावलीच्या बाजूला लांब एक थर्माकोलची शीट धरून जरासा बाऊन्स द्या. संशयाच्या टप्प्याला थर्माकोल काढून घ्या, ६:१ च्या आसपास जाईल. शेवटच्या टप्प्याला त्याच जागी काळं कापड आणा, ८:१ किंवा त्याहून जास्त. एकेका शॉटमध्ये हा फरक इतका छोटा असतो की प्रेक्षकाला कळत नाही काय बदललं, पण चेहरे हळूहळू अंधारात बुडतायत हे त्याला जाणवतं. फक्त बल्ब लागेपर्यंत हा क्रम पाळा, मधला एखादा शॉट ४:१ चा घुसला तर जोडणीत लगेच खटकतो, म्हणून शॉटलिस्टवर प्रत्येक शॉटपुढे प्रमाण लिहा.

मागची भिंत काळी हवी असेल तर लाईट चेहऱ्याच्या जवळ आणा. लाईट चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल आणि भिंत लाईटपासून तीन मीटरवर, तर भिंतीवर उजेड पोचतो नवव्या हिश्शाएवढा, तीन स्टॉपहून जास्त खाली. तोच लाईट मागे नेऊन चेहऱ्यापासून चार मीटरवर ठेवला आणि भिंत लाईटपासून सहा मीटरवर पडली तर फरक एक स्टॉपच्या थोडा पुढे, भिंत दिसायला लागते. म्हणजे लाईट कमी-जास्त न करता नुसता पुढेमागे सरकवून तुम्ही मागचा अंधार ठरवू शकता. लाईट जवळ आणला की चेहऱ्यावरचं एक्सपोजर वाढतं, तेवढा डिमर खाली करा.

पायरी ५: अंधार अंडरएक्सपोज करून आणू नका

रात्रीचा सीन म्हणजे सगळं दोन स्टॉप खाली, कॅमेऱ्यातच उजेड कमी घ्यायचा, हा समज सोडा. तसं केलं की सगळंच मातकट होतं आणि एडिटमध्ये उचलायला गेलं की नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, वळवळायला लागतो. अंधार हा तुलनेने दिसतो, फ्रेममध्ये कुठेतरी एक गोष्ट व्यवस्थित उजळलेली असली तरच बाकीचं काळं वाटतं. आपल्या फ्रेममध्ये ती गोष्ट म्हणजे मागे ओसरीच्या दारातला उजेडाचा पट्टा. तो पट्टा जवळजवळ पांढरा, पण फाटलेला, म्हणजे डिटेल पार उडालेला, नको, चेहऱ्याची उजेडाची बाजू नेहमीपेक्षा साधारण एक स्टॉप खाली, आणि बाकी खोली प्रमाणाप्रमाणे खाली जाऊ द्या.

डोळ्यातला ठिपका, म्हणजे बुबुळात दिसणारं लाईटचं प्रतिबिंब, ह्याचा विचार जरूर करा. ठिपका असला की माणूस जिवंत, आपला वाटतो. नसला की डोळे विहिरीसारखे होतात. पुतणीच्या डोळ्यात ठिपका शेवटपर्यंत ठेवा, त्यासाठी कॅमेऱ्याच्या वर अगदी मंद, टेनिस बॉलएवढा छोटा लाईट पुरतो. काकांचा ठिपका संशयाच्या टप्प्याला काढून टाका. लाईट जरा वर उचलला की भुवयांची सावली डोळ्यांवर येते आणि ठिपका आपोआप जातो. खालून लाईट मारून भुताचा चेहरा मात्र करू नका, काका माणूस आहेत आणि माणूस म्हणूनच भीतीदायक आहेत.

रंगाचं थोडक्यात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळा. पिवळा बल्ब २७०० ते ३२०० केल्विनचा, बाहेरची पांढरी ट्यूब ६००० च्या आसपास. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ४००० ते ४३०० वर लॉक केला तर बल्ब उबदार दिसतो, ओसरी निळसर गार दिसते, लाईटवर वेगळे जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायची गरज नाही. ऑटो व्हाईट बॅलन्स बंद. आणि शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे बल्ब-ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, १/५० किंवा १/१०० ला ते जुळून जातं, १/६० ला फ्रेममध्ये पट्टे फिरायला लागतात. स्वस्त एलईडी बल्ब तरीही त्रास देतात, म्हणून शूटच्या आधी बल्ब कॅमेऱ्यासमोर लावून एक मिनिट रेकॉर्ड करून बघाच.

मोबाईलवर शूट करणाऱ्यांनी मॅन्युअल कंट्रोलवालं ॲप घ्या, निदान एक्सपोजर आणि फोकस बोटाने दाबून लॉक करा, नाईट मोड बंद करा. नाहीतर काका अंधारात सरकले की फोन आपणहून खोली उजळवतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

पायरी ६: कॅमेरा किती लांब, किती उंच

लेन्सच्या आधी अंतर ठरवा, कारण चेहरा कसा दिसतो हे अंतरावर अवलंबून असतं, लेन्स फक्त किती भाग फ्रेममध्ये घ्यायचा ते ठरवते. दीड-दोन फुटांवरून २४ एमएमने काकांचा चेहरा घेतला तर नाक पुढे येतं, हात मोठे दिसतात, आपण त्यांच्या अंगावर गेल्यासारखं वाटतं. सहा-सात फुटांवरून ८५ ने घेतला तर तेवढाच चेहरा, पण मागचं दार जवळ ओढल्यासारखं दिसतं आणि कोणीतरी लांबून पाळत ठेवून बघतंय असं वाटतं. दोन्ही टेन्शनच, पण वेगळं. ह्या सीनसाठी मी म्हणेन सुरुवात ३५ ने, आठेक फुटांवरून, दोघं एका फ्रेममध्ये, आणि जसजसा संशय वाढेल तसा कॅमेरा प्रत्यक्ष जवळ न्या, झूम करून नको. फोनची साधी लेन्स २४-२६ एमएमच्या आसपास पडते, दोन एक्सवर पन्नासच्या, तेवढ्यात हा सीन होतो.

उंची फार मोलाची आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. कॅमेरा गादीच्या उंचीवर आणा, जमिनीपासून फूटभर. आता फ्रेमच्या खालच्या भागात समोर गादीची कड, तिच्याखालून अर्धा इंच बाहेर आलेला कागद, वर काकांचा गुडघा, आणि मागे उभी पुतणी. प्रेक्षक काकांचं बोलणं ऐकतोय आणि नजर कागदावर. हा शॉट वीस-पंचवीस सेकंद कापू नका. इथे मागचं ब्लर करायचा मोह आवरा, पुढचा कागद आणि मागचा चेहरा दोन्ही शार्प हवेत म्हणून लेन्सचं भोक लहान करा, एफ ५.६ किंवा ८ वर जा (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). एफ २.८ वरून ५.६ वर आलं की उजेड चौपट लागतो, त्याची तयारी ठेवा, नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवून नॉइज पत्करा. सगळं एफ १.८ वर शूट करायची जी सवय लागलीय ती इथे घात करते, कारण कागदच दिसला नाही तर टेन्शन कसलं?

फ्रेमिंगमध्ये दोन गोष्टी. एक, माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जागा सोडायची पद्धत असते, ती पुतणीच्या एका क्लोजमध्ये मोडा, चेहरा फ्रेमच्या कडेला चिकटवा आणि जागा तिच्या पाठीमागे सोडा. मागे काही नसलं तरी प्रेक्षक तिथे काहीतरी यायची वाट बघतो. दोन, वाड्याच्या चौकटी वापरा. दाराची चौकट, दोन खांबांमधली जागा, जिन्याचा कठडा, ह्यातून शूट केलं की माणूस कोंडल्यासारखा दिसतो, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही.

पायरी ७: कॅमेरा हलवायचा कधी

बहुतेक वेळ हलवायचाच नाही. स्थिर कॅमेरा आणि लांबलेला शॉट ह्यांच्याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही, कारण प्रेक्षकाला कटची सवय आहे आणि कट येत नाही म्हटल्यावर तो चुळबुळतो.

एकच मूव्ह मनापासून करा, पुतणीवर हळू पुढे जाणं. काका फ्रेमच्या बाहेर बोलतायत, वाड्याच्या हिश्शाबद्दल, जुन्या आठवणी वगैरे, आणि कॅमेरा तिच्याकडे वीस सेकंदात फूटभर सरकतोय. इतकं हळू की मूव्ह दिसत नाही, नुसती जवळीक वाढते. स्लायडर नसेल तर शहाबादी फरशीवर प्लायवूडची शीट टाका, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर ट्रायपॉड, पाय पूर्ण बसवून बुटका करून, आणि एकाने सतरंजीचं टोक दोन्ही हातांनी धरून स्वतःचं वजन मागे टाकत ओढायचं, हाताने हिसडा न देता. प्लायवूड कशाला तर फरशीच्या सांध्यावर ट्रायपॉड टचकन उडतो, ती उडी पडद्यावर भूकंपासारखी दिसते. फोकस आधी दोन्ही टोकांना तपासून ठेवा, जमिनीवर टेप लावा.

हँडहेल्ड फक्त शेवटच्या टप्प्याला, आणि तेव्हाही कॅमेरा मुद्दाम हलवायचा नाही. छातीशी धरा, श्वास घ्या, जेवढा हलेल तेवढा पुरे. सगळा सीन ट्रायपॉडवर असेल तर ही एवढीशी थरथर पण जमीन सरकल्यासारखी वाटते.

आता रेषेचं. दोघांच्या नजरेची जी रेषा, तिच्या एकाच बाजूला राहायचं हे सगळ्यांना माहीत असतं, काका उजवीकडे बघतायत, पुतणी डावीकडे. ही रेषा एकदाच ओलांडा, काका उठून बल्ब लावायला जातात तेव्हा, कॅमेरा त्यांच्यासोबत फिरत पलीकडे जाऊ द्या. पलीकडे गेल्यावर दोघांच्या जागा फ्रेममध्ये उलट्या होतात आणि लाईट आता कॅमेऱ्याच्या बाजूने पडतो, म्हणजे चेहरे एकदम उघडे, सावलीचा आसरा गेला. काकांनी बल्ब लावला, खोली पिवळी झाली, कागदाचा कोपरा सगळ्यांना दिसतोय. पण काकांना दिसला की नाही? त्यांचा चेहरा अजून दाखवू नका. पाठ दाखवा. पुतणीचा चेहरा दाखवा. पुन्हा पाठ.

पायरी ८: शॉट घेण्याचा क्रम

सीनचा क्रम आणि शूटचा क्रम वेगळा ठेवा. लाईटची एक मांडणी झाली की त्या बाजूचे सगळे शॉट संपवा, बल्ब बंद असलेले आधी, चालू असलेले नंतर. सुरुवात रुंद मास्टरने, म्हणजे पूर्ण सीन एका फ्रेममध्ये घेणाऱ्या शॉटने, मग गादीच्या उंचीवरचा शॉट, मग खांद्यावरून घेतलेली सजेशन, मग एकेकट्याचे क्लोज, शेवटी हात, कागद, बल्बचं बटण असे इन्सर्ट. कागद गादीखाली सरकवण्याचा इन्सर्ट मात्र भरपूर उजेडात, स्वच्छ, घाई न करता घ्या, चार सेकंद तरी, कारण प्रेक्षकाला तो कळला नाही तर पुढचं सगळं वाया. काका दारातून आत येतात तो शॉट त्यांच्या मागे ओसरीचा उजेड ठेवून, नुसता आकार दिसेल असा, चेहरा ते गादीवर बसल्यावरच.

प्रत्येक टेकला संवाद संपल्यावर पाच सेकंद कट म्हणू नका. कलाकार त्या पाच सेकंदात जे करतात, ओठ आवळणं, पदर सावरणं, नजर चोरणं, ते लिहून मिळत नाही आणि एडिटला सोन्यासारखं लागतं. आवाजाचा वेगळा लेख होईल, एवढंच सांगते, त्या खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, फॅन-फ्रीज बंद करून.

दिवसाउजेडी टेन्शन

अंधारच हवा असं काही नाही, आणि नाशिककरांकडे तर ह्यासाठी फार भारी जागा आहे, द्राक्षबाग. निफाड, दिंडोरीकडे कुठेही जा. ऑक्टोबर छाटणीनंतर पानोळा भरला की मांडवाखाली भर दुपारी पण तुटक उजेड असतो, जमिनीवर उन्हाचे तुकडे, माणूस चालायला लागला की त्याच्या चेहऱ्यावर उजेड-सावली पळत राहते, स्टुडिओत हे करायला पुठ्ठे कापून लाईटसमोर धरावे लागतात. आणि ओळी! एका ओळीच्या तोंडाशी कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर स्थिर ठेवा, ओळ सरळ लांब जाते, मध्ये आपलं पात्र उभं. मग तीन ओळी पलीकडे कोणीतरी एक क्षण दिसतो आणि वेलीआड जातो. पॅन करू नका. पात्र वळून बघतं, तिथे कोणी नाही, आणि कॅमेरा तिथेच.

बागेत एक्सपोजर चेहऱ्यावर सावली असताना ठरवा आणि उन्हाचे तुकडे एक-दीड स्टॉप वर जाऊ द्या, लेन्ससमोर उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लागेलच, नाहीतर १/५० शटरला एफ १६ वर जावं लागतं. मालकाची परवानगी आधी, फवारणी कधी झालीय ते विचारून मगच आत जा, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जाल तर वर पानं नसतात, नुसते ओंडके आणि तारा, ते दृश्य पण छान आहे पण वेगळ्या सीनचं. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, १९१३ नंतर त्यांनी आपलं काम नाशकात आणलं, तेव्हाच्या फिल्मला इतका उजेड लागायचा की ऊन हाच मुख्य लाईट, तर उन्हात काम करायला आपल्या गावाने कमीपणा मानायचं कारणच नाही.

गोदाघाटावर पहाटेचं शूट करणार असाल तर सूर्योदयाआधीचा निळा उजेड मोजून वीसेक मिनिटं मिळतो, तालीम आदल्या दिवशी करून ठेवा. घाटाच्या पायऱ्या आडव्या रेषा देतात, त्यावर एकच माणूस उभा असला की तो एकटा दिसतो. परवानगी, गर्दी, शेवाळ, तिन्ही सांभाळा.

पायरी ९: तपासायचं कसं

कच्चा कट झाला की आवाज पूर्ण बंद करून बघा. म्युझिक नाही, संवाद नाही, तरी काका गादीवर बसल्यावर पोटात गोळा येतो का? येत असेल तर कॅमेरा-लाईटने काम केलंय. येत नसेल तर बहुतेक वेळा कागदाचा शॉट नीट कळलेला नसतो, किंवा काकांचा चेहरा फार लवकर आणि फार उजेडात दाखवलेला असतो, तिथून शोधायला लागा.

मग तोच कट फोनवर, ब्राइटनेस अर्धा ठेवून, दिवसा गॅलरीत उभं राहून बघा, कारण लोक तसाच बघणार आहेत. अपलोड झाल्यावर कॉम्प्रेशनमध्ये काळा भाग चौकोन चौकोन होऊन फुटतो, म्हणून खोलीचे अगदी काळे कोपरे ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड नीट करताना, किंचित वर उचलून घ्या, आणि अपलोड करून एकदा प्रायव्हेटवर तपासा. शेवटी घरातल्या एखाद्याला दाखवा ज्याला स्क्रिप्ट माहीत नाही, आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्याकडे बघा. गादीच्या शॉटला त्याची नजर खाली कागदावर जातेय का? काकांच्या चेहऱ्यावर राहत असेल तर कागद अजून अर्धा इंच बाहेर काढून तो एक शॉट परत घ्या.